सीएनजी ट्रकच्या प्लग वायरी : बदलायच्या कशा आणि घाटात जवळ काय ठेवायचं

आधी प्रश्न काय होता ते सांगतो म्हणजे मधूनच वाचणाऱ्यालाही कळेल. एका दादांची चौदा फुटी सीएनजी गाडी आहे, चार सिलिंडर, पिंपळगावहून टोमॅटो भरून रात्री वाशी मार्केट आणि येताना भिवंडीहून किराणा. जाताना घाट उतरायचा असतो त्यामुळे काही जाणवत नाही, पण येताना लोडमध्ये कसारा चढायला लागली की झटके, पिकअप गायब, चेक लाईट लुकलुकते, आणि हे सगळं पहिल्या पावसापासून सुरू झालंय. प्लग दोनदा बदलून झाले. एक मिस्त्री म्हणतो इंजेक्टर, दुसरा थेट ईसीएमवर, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरवर, गेला. दादांना स्वतःला संशय आहे प्लगच्या वायरींचा, तर त्या स्वतः बदलता येतील का आणि रस्त्यावर स्पेअर म्हणून काय काय ठेवायचं, असा प्रश्न आहे.

दादा, ईसीएमला अजिबात हात लावू देऊ नका. तुम्ही सांगितलेल्या चारही गोष्टी, म्हणजे लोड, चढ, पाऊस आणि लुकलुकणारी लाईट, एकत्र आल्या की माझा पहिला हात वायरीकडेच जातो. आणि एक सांगा, प्लग बदलल्यावर आठ-दहा दिवस गाडी बरी चालली होती ना? चालली असणार. नव्या प्लगची फट, म्हणजे टोकाशी ठिणगी जिथून उडी मारते ती जागा, कमी असते, ठिणगीला कमी व्होल्टेज लागतं, म्हणून खराब वायरही तेवढे दिवस रेटून नेते, मग प्लग थोडा झिजला की पुन्हा येरे माझ्या मागल्या. मिस्त्रीला वाटतं प्लगच डुप्लिकेट आला.

अडचण अशी आहे की आपल्याकडचे ट्रकवाले आणि ट्रकचे मिस्त्री दोघंही डिझेलवर वाढलेले. डिझेलला ठिणगी लागतच नाही, फार तर थंडीत स्टार्ट करायला हीटर प्लग, त्यामुळे "ट्रकला कसला आलाय प्लग" इथून सुरुवात असते. सीएनजी गाडी घेतली तरी लक्ष सगळं किलोला किती पडतं यावर, फिल्टर ऑइल वेळेवर, प्लग पण आता बदलायला शिकलेत, पण त्या प्लगपर्यंत करंट नेणारी वायर कोणाच्या हिशोबातच नाही. ती तुटत नाही, गळत नाही, वाजत नाही. दिसायला ठणठणीत असते आणि आतून गेलेली असते.

मी हे शिकलो मुंबईत, पद्मिनी टॅक्सीवर. काळ्यापिवळ्या पद्मिनी पेट्रोलवरून सीएनजीवर आल्या तेव्हा मी गॅरेजला पोऱ्या होतो. पेट्रोलवर जी वायर वर्षानुवर्षं मुकाट चालत होती तीच सीएनजी किट बसवल्यावर पहिल्या जूनमध्ये मान टाकायची, दादरच्या पाण्यात तर ओळीने उभ्या असायच्या. उस्ताद म्हणायचा गॅसला ठिणगी महाग पडते. पुढे कळलं की बरोबरच बोलायचा, गॅस आणि हवेच्या मिश्रणातून ठिणगी उडवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून सीएनजीला प्लगची फटसुद्धा सहसा कमी ठेवतात. त्या पद्मिनीतली शेवटची टॅक्सी २००३ मध्ये रजिस्टर झाली आणि वीस वर्षं भरून २०२३ मध्ये तो विषय संपला, पण तिने शिकवलेलं आजच्या बीएस-६ ट्रकलाही जसंच्या तसं लागू आहे.

लोडमध्येच का झटके देते तेही समजून घ्या. कॉइल, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज वाढवून प्लगला देणारा भाग, जे व्होल्टेज काढते ते वीस-तीस हजाराच्या घरात. सपाटीला हलक्या पायावर सिलिंडरमध्ये दाब कमी असतो, ठिणगी सहज उडते. चढाला तुम्ही पाय दाबला की आत भरपूर मिश्रण जातं, दाब वाढतो, आणि दाबाखाली तीच फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. आता करंट काय, पाण्यासारखा, जिथं सोपी वाट तिथं जातो. वायरच्या रबराला बारीक चीर असेल, त्यावर धूळ-ऑइलचा थर, त्यात पावसाचा दमटपणा, तर प्लगची फट ओलांडण्यापेक्षा त्या चिरेतून बाजूच्या हेडच्या लोखंडात उडी मारणं सोपं. ठिणगी पडते, पण बाहेर. म्हणून उभ्या गाडीवर गॅरेजमध्ये आयडलला सगळं ठीक दिसतं आणि मिस्त्री म्हणतो मला तर काही दिसत नाही.

आता सुरुवातीला एक गोष्ट बघा. काही इंजिनांना प्रत्येक प्लगवर थेट कॉइलच बसते, वायर नसतेच, तिथं फक्त खालचं, प्लगवर बसणारं लांब रबर असतं. काहींना कॉइल बाजूला एकत्र आणि तिथून चार वायरी. काहींना दोन कॉइल आणि प्रत्येकीवर दोन-दोन सिलिंडर. तुम्ही वायरी म्हणताय म्हणजे बाजूची किंवा दोन कॉइलवाली सिस्टीम असणार. दोन कॉइलवाली असेल तर एक गंमत लक्षात ठेवा, १ आणि ४ ची जोडी असते, २ आणि ३ ची दुसरी, आणि जोडीतले दोन्ही प्लग एकाच सर्किटमध्ये असतात. त्यामुळे एक वायर आतून तुटली की दोन्ही सिलिंडरवर परिणाम होतो. स्कॅनरला पी ०३०१ आणि पी ०३०४ एकत्र आले, म्हणजे १ आणि ४ मिस, तर लगेच कॉइल घ्यायला धावू नका, आधी त्या दोन वायरी बघा. एकटाच पी ०३०३ वगैरे आला आणि तोही फक्त लोडमध्ये, तर बहुतेक त्या वायरीच्या किंवा रबराच्या बाहेरून गळती आहे.

आणि लाईट नुसती पेटलेली असणं वेगळं, लुकलुकणं वेगळं. लुकलुकते म्हणजे न जळालेला गॅस सायलेन्सरच्या कॅटमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, जाऊन तिथं जळतोय. तशीच रेटत नेली तर वायरीच्या खर्चात सुटणारं काम कॅटपर्यंत जातं, आणि कॅटची किंमत एकदा विचारून बघा म्हणजे झोप लागणार नाही.

तपासणी. सगळ्यात आधी, आणि हे मी ओरडून सांगतो, गॅस लीक नाही ना ते बघा. साबणाचं पाणी घेऊन रेग्युलेटर, पाईपचे जॉइंट, रेल (इंजेक्टरना गॅस देणारी नळी) सगळीकडे लावा. टाकीत गॅस २०० बारला असतो, आणि तो हवेपेक्षा हलका म्हणून वर जातो, बंद केबिनखाली वरच्या कोपऱ्यात साठू शकतो. आपण अंधारात ठिणगी शोधायला जाणार, तेव्हा आधी ही खात्री. वास येत असेल तर मॅन्युअल व्हॉल्व्ह बंद, केबिन टिल्ट करून मोकळी हवा, आणि ठिणगीचा विषय त्या दिवशी बंद.

लीक नसेल तर उघड्या जागेत, रात्री, केबिन उचलून लॉक लावून, इंजिन चालू ठेवा आणि इस्त्रीवाल्याकडे असते तशा फवाऱ्याच्या बाटलीने वायरींवर नुसता दव पडल्यासारखा फवारा मारा. कनेक्टर आणि सेन्सरवर नको. वायर गेलेली असेल तर निळसर बारीक रेषा नाचताना दिसते, टिक टिक आवाज येतो, इंजिन त्याच वेळी अडखळतं. बघायचं लांबून, हात खिशात. छातीत पेसमेकर बसवलेला माणूस असेल तर त्याला गाडीजवळ उभंच करू नका.

चालू इंजिनवर वायर ओढून "कुठला सिलिंडर मेला" बघायची जी जुनी पद्धत आहे ती विसरा. मीही पंधरा वर्षं तेच केलं, खोटं कशाला बोलू. कार्ब्युरेटरच्या जमान्यात फार तर हाताला झटका बसायचा. आता ठिणगीला वाट मिळाली नाही की कॉइल आतून फुटते, ईसीएमच्या ड्रायव्हरवर ताण येतो, आणि गॅस परत कॅटमध्ये. मग खरंच ईसीएमवाला मिस्त्री बरोबर ठरायचा.

त्याऐवजी इंजिन बंद, थंड, वायर पूर्ण काढून मल्टीमीटर लावा. साधा तीनशे-चारशे रुपयांचा चालतो. कार्बन कोअर वायरीला, म्हणजे आत तांब्याऐवजी कार्बनचा गाभा असलेल्या वायरीला, मीटरमागे साधारण १० ते २० किलोओहम असतात, तांब्याची तार आणि कॅपमध्ये, म्हणजे प्लगवर बसणाऱ्या टोपीत, रेझिस्टर असेल तर बहुतेक ५ किलोओहमच्या आसपास. पण आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची. चारही मोजा, लांबी पण मोजा, लांबीच्या हिशोबात जी एकटीच वेगळी पडते ती चोर. मीटर लावलेला असतानाच वायर हलकी वाकवा, कॅपजवळ पिळा. आकडा उड्या मारायला लागला किंवा मध्येच ओपन दाखवला तर आतला कोअर तुटलाय. आणि सगळे आकडे चांगले आले तरी वायर चांगलीच आहे असं समजू नका, मीटर आतली तार मोजतो, बाहेरच्या रबराची चीर त्याला दिसत नाही. त्यासाठीच तो पाण्याचा फवारा.

आता बदलणं. कठीण काही नाही, घाई केली तर मात्र वाट लागते. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, सीएनजीचं हेड जास्त तापतं आणि गरम रबर प्लगला चिकटून बसतं. वायर कधीही तारेला धरून ओढायची नाही, कॅपला धरून आधी अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे, रबर सुटल्याचं हाताला कळतं, मग सरळ वर. ट्रकच्या इंजिनात प्लग खोल विहिरीत असतो, तिथं कॅपचं रबर तुटून खालीच राहिलं की पुढचा अर्धा दिवस तुमचा गेला. काढल्यावर विहिरीत एअर मारा, नाहीतर प्लग खोलताना सगळी माती सिलिंडरमध्ये.

एक काढायची, एक लावायची. चारही एकदम काढून ढीग करू नका. पद्मिनीला क्रम १-३-४-२ चुकला की सायलेन्सरमधून फटाका वाजायचा आणि उस्तादाचा हात आमच्या पाठीत. जोडीच्या कॉइलवर १ आणि ४ ची अदलाबदल झाली तरी गाडी तशीच चालते, कारण दोघांना एकाच वेळी ठिणगी मिळते, पण म्हणून निष्काळजीपणा नको, १ ची २ ला गेली की संपलं. नवी वायर जुन्या वायरीशेजारी ठेवून लांबी जुळवा, खालच्या रबराची लांबी तर नक्कीच.

प्लग बाहेर आलाच आहे तर त्याचं पांढरं चिनीमातीचं अंग उजेडात धरून बघा. वरून खाली पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली तर ती ठिणगीची पायवाट आहे. ती पुसून जात नाही. अशा प्लगवर नवी वायर लावली तर त्याच रेघेवरून करंट परत पळतो आणि आठवड्यात नवं रबरही आतून जळतं. तसंच उलटं, जळक्या रबरात नवा प्लग घातला तर नव्या प्लगवर रेघ उमटते. माझा तर अंदाज आहे तुमच्या दोन प्लग सेटचं हेच झालं. म्हणून रेघ दिसली की वायर आणि प्लग दोन्ही एकदम बदलायचे, पैसे वाचवायला जाऊन डबल काम होतं.

प्लग बसवताना सुरुवात हाताने. विहीर खोल असली तर पेट्रोल पाईपचा वीतभर तुकडा प्लगच्या वरच्या टोकाला अडकवून त्यानेच फिरवा, आटे आडवे जात असतील तर पाईप आपोआप घसरतो, पान्याला ती अक्कल नसते. १४ एमएमचा वॉशरवाला नवा प्लग असेल तर हाताने टेकल्यावर पान्याने अर्धा ते पाऊण फेऱ्याच्या आत, बस. टॉर्क रेंच असेल तर कंपनीच्या पुस्तकातला आकडा. फट पण पुस्तकातलीच, फिलर गेजने बघून. डब्यातून काढला म्हणजे सेट आहे असं नसतं, पेटी एकदा पडली की फट हलते.

कॅपच्या आत तोंडाशी सिलिकॉन ग्रीस, ज्याला डायइलेक्ट्रिक ग्रीस म्हणून मागायचं, बोटाच्या टोकावर येईल इतकंच, सगळीकडून फिरवून. पाणी आत जात नाही आणि पुढच्या वेळी रबर सुखाने निघतं. पिवळं चाकाचं ग्रीस लावलेलं मी पाहिलंय, रबर फुगून बाद होतं, लावू नका. मग कॅप दाबायची, खाली टक् असं लागलं पाहिजे. नाही लागलं तर बसली नाही, वरून बसल्यासारखी दिसते एवढंच.

वायरी कशा नेल्या यावर अर्धं आयुष्य ठरतं. ज्या क्लिपा होत्या त्या सगळ्या परत लावा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब, केबिन खाली आल्यावर कुठं दाबत तर नाही ना ते बघा, आणि इंजिनचे फेरे मोजणाऱ्या क्रँक सेन्सरच्या वायरीला समांतर बांधू नका, ओलांडायचीच असेल तर काटकोनात. दोन प्लग वायरी एकमेकीला टाय मारून घट्ट बांधल्या की एकीचा करंट दुसरीत उमटतो, दिसायला नीटनेटकं आणि चालायला भुताटकी.

खरेदीबद्दल थोडंच बोलतो. पुण्यात नाना पेठेत काय किंवा तुमच्या गावच्या दुकानात काय, ८ एमएम वायर दाखवून "जाडी आहे, भारी आहे" म्हणतील. तो आकडा बाहेरच्या रबरासकट जाडीचा आहे, आत काय आहे ते त्यावरून कळत नाही. सिलिकॉनचं आवरण बघा, आणि रेझिस्टरवाली किंवा कार्बन कोअरच घ्या. नुसती तांब्याची, बिनरेझिस्टरची वायर स्वस्तात मिळते, ठिणगी चांगली पडते पण तिचा खडखडाट सेन्सरच्या सिग्नलमध्ये घुसतो, आणि मग ईसीएम वेड्यासारखं वागतो. आपल्या गाडीच्या नंबरचीच घ्या.

स्पेअरचा प्रश्न मला जास्त आवडला, कारण इथं सगळे चुकतात. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, माझ्याच एका गिऱ्हाइकाने सीलबंद नवा सेट घेऊन सीटखाली ठेवला होता. इगतपुरीच्या अलीकडे, पाऊस असा की वायपर पुरे पडेना, गाडी दोन सिलिंडरवर आली. यांनी ऐटीत पाकीट फोडलं तर खालचं रबर बोटभर तोकडं, प्लगला पोचेच ना. दुकानदाराने भलत्याच मॉडेलचं दिलेलं. रात्रभर तिथंच, आणि माल नाशवंत. तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगतो, पाकिटातलं स्पेअर धरूच नका. नवा सेट घेतला की तो गाडीला लावा, आणि चांगल्या असतानाच काढलेल्या जुन्या वायरी स्पेअर म्हणून ठेवा. त्या तुमच्याच गाडीवर चाललेल्या आहेत, बसतात हे माहीत आहे. आता तुमच्या केसमध्ये जुन्या संशयित आहेत, त्यामुळे या वेळी दोन सेट घ्या, एक आठवडाभर चालवा, काढा, दुसरा चढवा, पहिला स्पेअर. कटकट वाटेल पण लावायचा सरावही होतो, तोही गॅरेजच्या उजेडात.

सगळा सेट ठेवायला जागा नसेल तर सगळ्यात लांब वायर एक ठेवा. लांब वायर जवळच्या सिलिंडरला चालते, आखूड वायर लांबच्याला चालत नाही. मात्र खालच्या रबराची लांबी चारही सिलिंडरना सारखी आहे का ते बघून. सोबत एक प्लग, फट सेट करून, त्याच्या पुठ्ठ्याच्या नळीतच. प्लगची गोटी (सॉकेट पाना) आतल्या रबरासकट, तिचं एक्स्टेंशन, तो पाईपचा तुकडा, ग्रीसची छोटी ट्यूब, कोरडं फडकं. जोडीच्या कॉइलवाल्यांनी एक कॉइल पण ठेवावी, आणि फ्यूज-रिले तर असतातच. डोक्याला लावायची टॉर्च विसरू नका, मोबाईल तोंडात धरून प्लग बसवणारे बघितलेत मी.

वायर ठेवताना घट्ट गुंडाळी करू नका, कार्बन कोअर आतून मोडतो. मोठ्या सैल वळणात, झिपच्या पिशवीत, ऑइल-डिझेलच्या डब्यापासून लांब. टूल बॉक्समध्ये जॅकच्या खाली टाकली तर ती वायर नव्हे, भाजी झाली. माझा एक ड्रायव्हर केबिनच्या मागच्या भिंतीला, देवाच्या फोटोशेजारी, खिळ्याला टांगून ठेवतो, हाराबरोबर. ठीक आहे, निदान मोडत तरी नाही.

घाटातच झटके सुरू झाले तर वळणावर थांबू नका, रडतखडत का होईना रुंद जागेपर्यंत न्या, चाकाला दगड, मागे त्रिकोण, मग केबिन. आधी फडक्याने वायरी आणि कॅप कोरड्या करून परत दाबून बघा, पाच मिनिटांचं काम, बऱ्याचदा तेवढ्यावर घर गाठता येतं. स्पेअर नसेल आणि एकच सिलिंडर मेलाय हे नक्की असेल, तर चावी बंद करून त्याच सिलिंडरच्या गॅस इंजेक्टरचा कनेक्टर काढून ठेवता येतो, म्हणजे निदान कच्चा गॅस कॅटमध्ये जाणार नाही. लाईट पेटलेलीच राहील, ताकद नसेल, हळूहळू जवळच्या गॅरेजपर्यंत, त्यापुढे नाही. प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असेल तरच हे करायचं हां.

तर दादा, उद्या गाडी खाली झाली की चारही वायरींचे ओहम आणि लांबी सेंटीमीटरमध्ये लिहून कळवा, प्लगवर काळी रेघ आहे का त्याचा फोटो पण, आणि कॉइल एक आहे, दोन आहेत की चार, तेही बघून सांगा.